प्रज्ञाला बर्गर शिकवताना

मी लोकांच्या घरी जाऊन बर्गर करायला शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "त्यात शिकवण्यासारखं काय आहे?" माझ्या जाऊबाई तर अजूनही नातेवाइकांत "आमची नलू क्लास घेते" एवढंच सांगतात आणि कसला ते कुणी विचारायच्या आत विषय बदलतात. आगरी घरातली सून, बोंबील-सुकटीवर वाढलेली, आणि धंदा काय, तर पावाच्या मधे खिमा घालायचा!

सुरुवात केकपासून झाली. मग चॉकलेटं आली, मग पिझ्झा. बदलापूर-अंबरनाथला इमारती उभ्या राहत गेल्या तशी लोकांची शिकायची हौसही बदलत गेली. मधली काही वर्षं मी उल्हासनगरात एका सिंधी केटररकडे पार्ट्यांच्या स्वयंपाकाला जात होते. तिथे बर्गर हाताखालून गेले आणि मी त्यांच्या प्रेमात पडले. आता दुसरं काही शिकवत नाही.

माझा नियम एकच आहे. घर तुमचं, गॅस तुमचा, खिमा तुम्ही आणायचा. माझ्या पिशवीत जाड बिडाचा तवा आणि रुंद पात्याचा कालथा असतो. हॉटेलातली मोठी भट्टी घरात नसते, म्हणून बर्गर घरी होत नाही, हा निव्वळ गैरसमज आहे. साध्या दोन बर्नरच्या शेगडीवर तो उत्तम होतो. फक्त आपल्या हातांना काही सवयी सोडाव्या लागतात.

पहिली सवय चरबी काढून टाकण्याची. आमचा खाटीक मला बघितलं की म्हणतो, "नलूताई, अख्खं गाव चरबी काढायला सांगतं. तुम्ही एकट्या टाकायला सांगता." छातीच्या भागातली थोडी चरबी खिम्यात असली तरच आतला रस टिकतो. दुसरी सवय मळण्याची. कबाबाला खिमा मळतात तसा इथे मळला की तो चिवट होतो. थंड खिमा हलक्या हातानं गोळा करायचा, बोटभर जाडीची टिक्की थापायची, मधे अंगठ्यानं खळगा करायचा, म्हणजे ती भाजताना फुगून चेंडू होत नाही. मीठ आत नाही, वरून, अगदी तव्यावर टाकायच्या क्षणी. आणि तिसरी सवय, सगळ्यात कठीण, दाबण्याची.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका भाभींची गोष्ट सांगते. दीपाभाभी. टिक्की तव्यावर पडली रे पडली की त्यांचा हात कालथ्याकडे जायचा. दाबलं की चर्र करून सगळा रस तव्यावर यायचा आणि भाभी खूश.

"भाभी, वो आवाज आपके बर्गर के रोने का है," मी सांगायची.

"अरे नलू, दबाऊँगी नहीं तो अंदर कच्चा रहेगा ना!"

शेवटी मी त्यांना एक टिक्की दाबून आणि एक न दाबता करायला लावली आणि दोन्ही त्यांच्या सासऱ्यांना खायला दिल्या. म्हाताऱ्यांच्या तोंडात मोजकेच दात. त्यांनी पहिली बाजूला सरकवली आणि दुसरी संपवून बोटं चाटली. त्या दिवसापासून टिक्की तव्यावर असली की भाभी हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात.

हे सगळं शिकवताना माझं एक ठरलेलं वाक्य असायचं. टिक्की उलटायची वेळ कशी ओळखायची, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "डोळे मिटा आणि तव्याचा आवाज ऐका." आधी तवा ओला ओला, फटफट बोलतो. मग तो आवाज बारीक होत कोरडा होतो. तो कोरडा झाला की उलटायचं, एकदाच. मला या वाक्याचा फार अभिमान होता. लोकही म्हणायचे, वा, ताई, काय सांगितलंत!

मग अंबरनाथहून आशाताईंचा फोन आला.

"जय भीम ताई. माझ्या मुलीला बर्गर शिकायचाय. पण तिला ऐकू येत नाही. जन्मापासून. बोलते थोडं, पण नवीन माणसाला कळत नाही. तुम्ही शिकवाल का?"

मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर माझं मलाच कळलं, की शिकवायचं कसं याचा मी काहीही विचार केलेला नाही.

प्रज्ञा बावीस वर्षांची. सडपातळ, केसांचा घट्ट पोनीटेल, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघायची सवय. कॉम्प्युटरचा कोर्स झाला होता, एका ऑफिसात वर्षभर टायपिंगचं काम केलं होतं, ते ऑफिस बंद पडलं. बदलापूरला शिरगावात एक नवीन कॅफे निघाला होता. त्याचा मालक निखिल, हिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा भाऊ. तो म्हणाला होता, "किचनमध्ये माणूस हवंय. बर्गर करून दाखव, मग बघू." महिनाअखेरीस जायचं होतं.

हे सगळं मला आशाताईंनी दारातच सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक आहे ताई. गॅस मी पेटवणार. ती नाही."

कारणही त्यांनीच सांगितलं. प्रज्ञा बारा वर्षांची असताना स्वयंपाकघरात चित्र काढत बसली होती. मागे शेगडीवर दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस तसाच सुरू. मुलीला ना दूध उतू गेल्याचं ऐकू आलं, ना सर्दीमुळे वास आला. आशाताई खाली गेल्या होत्या, वर आल्या तर जिन्यापर्यंत गॅसचा वास. "मी आत शिरले तर ही हसून मला चित्र दाखवत होती," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात प्रज्ञासाठी शेगडी बंद. चहासुद्धा आई किंवा बाप करून देणार. वडील, सुनीलदादा, एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, पाळीवर जाणारे. त्यांचं मत वेगळं असावं, पण ते बोलत नसत.

पहिला दिवस माझ्यासाठी फजितीचा गेला. मी माझं नेहमीचं भाषण घेऊन उभी. तव्याकडे तोंड करून बोलायला लागले की कुणीतरी पदर ओढायचं. मागे वळून बघावं तर प्रज्ञा आपल्या ओठांकडे बोट दाखवतेय, म्हणजे माझ्याकडे बघून बोला. आशाताई रेग्युलेटरजवळ पहारेकऱ्यासारख्या उभ्या, तिथूनच हातांच्या खुणांनी तिला समजावत होत्या. टिक्की तव्यावर पडली आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "आता आवाज ऐक."

आशाताईंचे हात हवेतच थांबले. हे मुलीला कसं सांगायचं, त्यांना कळेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रज्ञानं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काय झालं ते तिच्या लक्षात आलं आणि ती खळखळून हसली. तेवढ्यात टिक्की करपली.

मग तिनं फोनवर टाइप करून मला दाखवलं, "तो आवाज बदलतो तेव्हा तव्यावर काय होतं?"

इतकी वर्षं मी हे शिकवत होते. मला उत्तर येत नव्हतं.

घरी आले ती सरळ ओट्याशी गेले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले, वरून स्कार्फ बांधला आणि खिम्याची टिक्की तव्यावर टाकली. पहिली जळली. दुसरी कच्ची उलटली आणि तव्याला चिकटून फाटली. मागून आमच्या ह्यांनी खांद्यावर हात ठेवला तशी मी एवढ्या जोरात दचकले, की कालथाच हातातून उडाला.

"कधीपासून हाका मारतोय," हे म्हणाले असावेत. मला ओठ नीट वाचता आले नाहीत.

पण तिसऱ्या टिक्कीला दिसायला लागलं. सुरुवातीला कडेनं जाड पांढरी वाफ येते आणि चरबीचे मोठे बुडबुडे तडतडून उडतात. ते पाणी निघत असतं. हळूहळू वाफ विरळ होते आणि बुडबुडे मोहरीएवढे बारीक होतात. माझ्या कानाला जो कोरडा आवाज माहीत होता, तो इथला. त्याच वेळी टिक्कीच्या कडेचा तपकिरी रंग खालून वर चढतो आणि माथ्यावरच्या खळग्यात रसाचे थेंब जमायला लागतात. मग कालथा कडेला लावला की टिक्की स्वतःहून सुटते. सुटत नसेल तर तिची वेळ झालेली नाही, ओढायचं नाही. मी त्या रात्री जेवायला बर्गरच वाढले. ह्यांनी तक्रार केली नाही, एवढंच विचारलं, "कापूस काढलास का?"

पुढच्या वेळी मी प्रज्ञाला हे सगळं दाखवलं. ती वाकून, नाक तव्याला लागेल इतकी जवळ जाऊन बघत राहिली. दुसरीच टिक्की तिनं बरोबर वेळेला उलटली. आणि तिसरीला तिनं एक गोष्ट केली जी मी तिला सांगितलेली नव्हती. कालथ्याचं टोक तव्याच्या काठाला हलकेच टेकवून ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, दमली. तर तिनं माझा हात धरला, कालथ्याच्या दांड्यावर ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

दांडा थरथरत होता. अगदी बारीक, मधमाशी मुठीत धरावी तसा. मग ती थरथर कमी कमी होत गेली. प्रज्ञानं मान हलवली आणि मी हात काढताच टिक्की उलटली. खरपूस, अख्खी.

"हे तुला कसं सुचलं?" मी विचारलं. आशाताईंनी खुणांनी विचारून मला सांगितलं, "ती म्हणते, मिक्सरवर हात ठेवला की वाटण झालं ते तिला असंच कळतं. घरात मिक्सर तेवढा तिच्याकडे आहे."

बर्गर जमायला लागला तसा गॅसचा प्रश्न मोठा झाला. प्रज्ञा आता लायटरकडे बोट दाखवायची, आशाताई मान हलवायच्या. एकदा दोघींचं माझ्यासमोरच भांडण झालं. एवढं मोठं भांडण आणि घरात शब्द नाही, नुसते हात आणि बांगड्यांचा आवाज. मला एकच वाक्य कळलं, कारण ते आशाताईंनी भरल्या डोळ्यांनी माझ्यासाठी मोठ्यानं म्हटलं. "म्हणते, मी आता बारा वर्षांची नाहीये."

कॅफेत जायच्या आधीच्या आठवड्यात मी ठरल्या वेळी पोचले तर घरात प्रज्ञा एकटीच. आशाताईंचा निरोप आला होता, ऑफिसात अडकल्यात, उशीर होईल. प्रज्ञानं खिमा काढून ठेवला होता, कांदा कापला होता, बन अर्धे करून ठेवले होते. तिनं लायटर माझ्यापुढे धरला आणि मग स्वतःकडे बोट दाखवलं. मी पेटवू?

मुलगी मोठी आहे, शेगडी तिच्याच घरातली आहे, मी शेजारी उभी आहे. हो म्हणायला काय हरकत होती? आणि तरी मी नाही म्हटलं. मी तिच्या फोनवर टाइप केलं, "आईच्या पाठीमागे नको. आईच्या समोर पेटव."

तिला राग आला. तो तिनं लपवला नाही. खिमा परत फ्रीजमध्ये ठेवला, दार आपटलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मी तिच्यासमोर बसले. ती उठून निघून जाऊ शकली असती, मला घरी पाठवू शकली असती. ती बसून राहिली.

आशाताई धावतच जिना चढून आल्या. आल्या त्या चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात. शेगडीवर हात ठेवून बघितला. थंडगार. लायटर ओट्यावर होता, तिथेच. मग त्या बाहेर येऊन आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"तुम्ही थांबलात?" त्यांनी मला विचारलं.

"मी नाही, ती थांबली," मी म्हटलं.

आशाताई आत गेल्या आणि लायटर घेऊन आल्या. मुलीच्या पुढ्यात बसल्या. त्यांच्या खुणा त्या वेळी इतक्या सावकाश होत्या, की मलासुद्धा कळल्या. चल. मी बघते.

प्रज्ञानं शेगडी पेटवली तेव्हा आशाताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. पुढे सुनीलदादांनी गॅस गळला की वाजणारं एक यंत्र आणलं आणि त्याला लाल दिवा जोडून तो ओट्याच्या वर, बाहेरच्या खोलीतूनही दिसेल असा लावला. "हा दिवा मी कधीच लावला असता," ते मला म्हणाले. "पण कुणी विचारायला तर हवं होतं."

शिरगावच्या कॅफेत मी आणि आशाताई दोघीही गेलो. निखिल पंचविशीतला, दाढी राखलेला, वागायला नम्र पोरगा. "आंटी, तुम्ही दारात थांबलात तरी चालेल, पण आत काही सांगायचं नाही हां," त्यानं मला बजावलं. ते बरोबरच होतं.

किचनच्या दारातच मी हादरले. डोक्यावर धडधडणारा एक्झॉस्ट पंखा, बाजूला फ्रायरची चरचर, दोन आचारी एकमेकांवर ओरडतायत, "भाई, बन दे, बन!" त्या गोंगाटात मला तव्याचा आवाज सोडाच, माझा स्वतःचा आवाज ऐकू येईना. आणि प्रज्ञा शांत. तिला कुणाचा त्रासच नव्हता. तिनं परक्या, लांबरुंद लोखंडी पत्र्यावर पाण्याचे थेंब शिंपडून कुठे जास्त तापलंय ते बघितलं, टिक्की थापली, खळगा केला, मीठ भुरभुरलं आणि कालथा काठाला टेकवून उभी राहिली.

टिक्की सुरेख झाली. बन मात्र करपला. तिचा अंदाज चुकला, पत्र्याचा तो कोपरा भयंकर तापलेला होता. माझा हात आपोआप पुढे जायला लागला, मी तो मागे घेतला. प्रज्ञानं करपलेला बन उचलला, बादलीत टाकला, दुसरा घेतला आणि पत्र्याच्या गार बाजूला ठेवला. तोवर टिक्की ताटलीत मुरत पडली होती, त्यामुळे उलट फायदाच झाला. तव्यावरून काढल्यावर तिला तेवढा विसावा द्यावाच लागतो.

निखिलनं पहिला घास घेतला आणि रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यानं आधी हात पुसला नाही, दुसरा घास घेतला.

"एक नंबर," तो म्हणाला. मग त्यानं हात पुसला. "पण आंटी, खरं बोलू का? रविवारी इथे खूप गर्दी असते. सगळे ओरडून ऑर्डर सांगतात. तिला कसं कळणार?"

आशाताई काहीतरी बोलणार तेवढ्यात प्रज्ञानं त्याच्या हातात फोन दिला. तिनं आधीच लिहून ठेवलं होतं, "ओरडू नका. चिठ्ठी लावा. त्या दोघांनाही बरं पडेल."

आचाऱ्यांपैकी एक जण ते वाचून म्हणाला, "सही बोल रही है यार, मेरेको भी आधा सुनाई नहीं देता इधर."

निखिलनं तिला घेतलं. लगेच सगळं हाती दिलं असं नाही. आधी दुपारची पाळी, गर्दी नसतानाची, आणि बर्गरबरोबर भाज्या चिरायचं कामही. रविवार अजून तिला मिळालेला नाही, ती त्यासाठी निखिलच्या मागे लागलेली असते. कधीतरी मिळेल, मला खात्री आहे. आता तिथे ऑर्डरच्या चिठ्ठ्या तारेला अडकवतात.

माझ्या शिकवणीतही फरक पडला. डोळे मिटा, असं मी आता कुणाला सांगत नाही. दीपाभाभींना कालथ्याचा दांडा धरून बघायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ये तूने पहले क्यों नहीं बताया?" मी म्हटलं, माझ्या मास्तरीणबाई मला उशिरा भेटल्या. इतकी वर्षं जे शिकले त्यांना हे द्यायचं राहून गेलं, याची रुखरुख मात्र आहे.

मागच्या महिन्यात प्रज्ञाच्या पहिल्या पगाराचं जेवण म्हणून मला अंबरनाथला बोलावलं होतं. मी गेले तेव्हा ती आत एकटी रांधत होती आणि बाहेरच्या खोलीत आशाताई आणि सुनीलदादा टीव्हीसमोर बसले होते. टीव्ही बंदच होता. आतून खिम्याचा खमंग वास येत होता. एकदा भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. आशाताई अर्ध्या उठल्या, सुनीलदादांनी त्यांच्याकडे बघितलं, त्या परत बसल्या.

प्रज्ञा ताटं घेऊन बाहेर आली. चेहरा घामेजलेला, कपाळावर तेलाचा डाग. तिनं ऐटीत एकेकाच्या पुढ्यात बर्गर ठेवला आणि आई पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभी राहिली. आशाताईंनी दोन्ही हातांनी बर्गर उचलला, खाल्ला, अगदी शेवटपर्यंत. मला वाटलं, आता विचारणार, गॅस नीट बंद केलास ना? प्रज्ञालाही तेच वाटलं असावं, कारण तिचे हात उत्तर द्यायला तयार झाले होते.

आशाताईंनी बोटं पुसली आणि खुणेनं विचारलं, अजून एक आहे का?